सायलेन्सर जास्त तापतोय? आग नेमकी कुठे जळतेय ते आधी बघा

रात्रीची वेळ होती. लांबलचक चढ संपवून गाडी कडेला घेतली. हातातली बाटली घरंगळत गाडीखाली गेली म्हणून वाकलो, तर खालचा पत्रा लाल दिसला. कुठलाही दिवा लागलेला नव्हता. पुढच्या सीटखाली पाईपला जो फुगीर डबा असतो, तो विस्तवासारखा धगधगत होता. दोन आठवडे गाडी चढाला अडखळत होती, मिसिंग मारत होती, आणि 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणत मी ते पुढे ढकलत होतो. ते ढकलणं अंगाशी आलं होतं.

अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ साली दाखवून दिलं की घन पदार्थ अंधारात लालसर दिसायला लागतात ते साधारण ५२५ अंश सेल्सिअसला. माझ्या गाडीखालचा लाल रंग नुसता लालसर नव्हता, चांगला ठळक होता. म्हणजे तापमान त्याच्याही बरंच वर गेलेलं. पेट्रोलच्या टाकीकडे जाणारी नळी तिथून फार लांब नसते.

त्यानंतर हा विषय मी मुळापासून समजून घेतला. गाडीचा धूर जास्त गरम येतो, सायलेन्सर नेहमीपेक्षा तापतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांना उत्तर मिळतं ते 'इंजिन आहे, तापणारच' एवढंच.

मुळात किती गरम असायला हवं?

बोलताना आपण इंजिनपासून मागच्या टोकापर्यंतच्या सगळ्याच नळकांड्याला सायलेन्सर म्हणतो. खरं तर त्यात तीन-चार भाग आहेत. इंजिनला चिकटलेला फाटे फुटलेला भाग म्हणजे मॅनिफोल्ड. दुचाकीत त्या जागी बेंड पाईप असतो. त्यापुढे कॅटलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे कॅटकॉन म्हणतात. आवाज दाबणारा मफलर, म्हणजे खरा सायलेन्सर, त्याच्याही मागे.

सिलिंडरमध्ये इंधन पेटतं तेव्हा क्षणभर तापमान २००० अंशांच्या वर जातं. तो वायू बाहेरच्या व्हॉल्व्हपाशी पोहोचेपर्यंत बराच निवतो. पेट्रोल गाडी नुसती उभी राहून चालू असेल तर तिथे ३०० ते ४०० अंश भरतात आणि जोरात पळवली तर ८०० ते ९०० पर्यंत जातात. डिझेलचा धूर उभ्या गाडीत १००-२०० अंशांच्या आसपास असतो, ओझं ओढताना ६००-७०० होतो. मागच्या टोकाला येईपर्यंत पाईपनं बरीचशी उष्णता हवेत सोडलेली असते.

म्हणून 'गरम लागतो' या म्हणण्याला एकट्यानं अर्थ नाही. तीच गाडी, तेवढंच ओझं, तसाच रस्ता, आणि आधीपेक्षा जास्त गरम, असं असेल तरच ती तक्रार. दुचाकीचा पाईप आखूड असतो, त्यामुळे त्याचं टोक चारचाकीपेक्षा गरम लागणारच. उभ्या गाडीला वारा लागत नाही, त्यामुळे आतला धूर थंड असूनही पाईप जास्त तापल्यासारखा वाटतो.

आणखी एक हिशेब डोक्यात ठेवावा. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच गाडी हलवायच्या कामी येते. तेवढीच कूलंट आणि रेडिएटरमार्गे जाते आणि उरलेली तिसऱ्या वाट्याची उष्णता धुराबरोबर निघून जाते. पाईप तापणं हा त्या यंत्राचा स्वभाव आहे. प्रश्न त्या वाट्यात फरक पडला की सुरू होतो.

धूर निवतो तो कशामुळे?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा तळ तापतो. उलट व्हॉल्व्हची पिन दाबून टायरची हवा सोडली की बोटाला गार लागते. वायू दाबला की तापतो, आणि ढकलत ढकलत पसरला की निवतो.

इंजिनात तेच घडतं. पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. ढकलताना स्वतः पसरतो आणि जेवढं काम करतो तेवढी उष्णता खर्च करतो. दारापाशी, म्हणजे बाहेरच्या व्हॉल्व्हपाशी, येईपर्यंत त्याची ताकद बरीचशी वापरून झालेली असते. मात्र पसरायला पुरेसा वाव मिळायच्या आतच दार उघडलं, तर ती न खर्चलेली उष्णता तशीच पाईपमध्ये उतरते.

यातून माझ्या मते सगळ्या तक्रारींची तीन घराणी पडतात. इंजिनच नेहमीपेक्षा जास्त राबतंय, किंवा आग उशिरा जळतेय, किंवा आग जळू नये तिथे, म्हणजे पाईपमध्ये जळतेय. पहिलं घराणं चटकन निपटता येतं: ब्रेक धरून राहतोय का, टायरमध्ये हवा कमी आहे का, क्लच घसरतोय का. ब्रेक चिकटलेला असेल तर ते चाक हाताला गरम लागतं आणि अॅव्हरेज पडतं. हे आधी बघावं, कारण त्याला ना स्कॅनर लागतो ना खर्च.

आग उशिरा जळते तेव्हा

पिस्टन वर पोहोचायच्या थोडं आधीच प्लगची ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण पूर्ण पेटायला वेळ लागतो. ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो आणि आग त्याच्या मागे धावत राहते. पिकअप कमी, धूर गरम. जुन्या गाडीत टायमिंग हललेलं असू शकतं. नव्या गाडीत हे काम संगणक करतो, आणि कधी कधी तोच टायमिंग मुद्दाम मागे घेतो. इंजिनात नॉकिंग होतंय, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून खडखडतंय, असं सेन्सरला ऐकू आलं की तो ठिणगी उशिरा पाडतो. कमी ऑक्टेनचं पेट्रोल घातल्यावर गाडी मंद आणि पाईप गरम वाटतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

थंड गाडी चालू केल्यावर पहिलं मिनिटभर आवाज वाढलेला असतो, धूरही लवकर तापतो. ते बिघाडाचं लक्षण नाही. कॅटकॉन लवकर तापावा म्हणून कंपनीनंच तशी योजना केलेली असते.

उशिराच्या आगीचं दुसरं कारण म्हणजे लीन मिश्रण, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा याहून जास्त झाली की ज्वाला सावकाश पसरते आणि दार उघडेपर्यंत जळतच राहते. जोरात पळवताना इंजिन थोडं जास्त पेट्रोल घेतं आणि त्या जादा पेट्रोलच्या वाफेनं आतला भाग निवतो. पेट्रोलचा फिल्टर तुंबला, पंप थकला, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चोक झाला की तो गारवाही जातो. बेंड पाईपला नेहमीपेक्षा लवकर निळसर-जांभळी झाक चढली की जाणकार मेकॅनिक आधी मिश्रण आणि टायमिंगच तपासतो.

आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलून उघडणारा भाग. याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे लोकांचा अंदाज हमखास उलटा असतो. टॅपेट सैल झाला की टिकटिक आवाज येतो आणि माणूस घाबरून गॅरेज गाठतो. टॅपेट घट्ट झाला तर काहीच आवाज येत नाही. पण तेव्हा बाहेरचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. हा व्हॉल्व्ह निवतो तो मुख्यतः आपल्या बैठकीला टेकून. तापलेला माणूस गार भिंतीला पाठ टेकतो तसा. टेकायलाच मिळालं नाही तर तो तापत राहतो, त्याच्या फटीतून ज्वाला पाईपमध्ये शिरते आणि शेवटी व्हॉल्व्हची कड जळून जाते. वाजणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला नव्हे.

आग पाईपमध्ये जळते तेव्हा

माझ्या गाडीचं दुखणं हे होतं.

कॅटकॉनच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाचं, मधाच्या पोळ्यासारखं बारीक छिद्रांचं एक ठोकळं असतं. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून निसटलेले अर्धवट जळलेले वायू या थरावर पूर्ण जळतात. २५०-३०० अंशांना तो कामाला लागतो, ४०० ते ८०० मध्ये सुखात असतो. १००० च्या आसपास धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून निकामी व्हायला लागतात आणि १४०० च्या पुढे ते ठोकळंच वितळतं.

आता एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही असं समजा. यालाच मिसिंग म्हणतात. त्या सिलिंडरचं सगळं पेट्रोल आणि सगळी हवा न जळता पाईपमध्ये येते आणि थेट तापलेल्या कॅटकॉनवर आदळते. चार सिलिंडरचं इंजिन असेल तर एक चतुर्थांश इंधन तिथे जळतं. कॅटकॉनची रचना झाडून उरलेली धूळ भरायची असते, आणि आपण त्या सुपलीत भरलेलं पोतं ओततो.

म्हणूनच चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असणं आणि तो लुकलुकणं यात मोठा फरक आहे. नुसता लागलेला दिवा सांगतो की लवकर दाखवून घ्या. लुकलुकणारा दिवा बहुतेक गाड्यांत सांगतो की मिसिंग एवढं आहे की कॅटकॉन आत्ता, या घडीला जळतोय. तेव्हा पाय हलका करायचा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबायचं.

कुठला सिलिंडर मेलाय ते शोधायला चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढून बघायची जुनी पद्धत आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ती खपून गेली. कॅटकॉन असलेल्या गाडीत वायर काढलेला प्रत्येक क्षण कच्चं पेट्रोल त्याच्यावर ओततो, शिवाय ठिणगीसाठी वीज पुरवणारं कॉइलही जाऊ शकतं. प्लगऐवजी इंजेक्टरचं कनेक्शन काढलं तर तोच शोध लागतो आणि पेट्रोलही जात नाही.

वितळलेलं पोळं छिद्रं बुजवतं. मग धुराला वाट उरत नाही, तो मागे साचतो, इंजिनाला नवी हवा नीट घेता येत नाही, आणि सगळी उष्णता पुढच्या भागात कोंडते. गाडीची रेस वाढत नाही, चढाला दम निघत नाही, मागच्या टोकाला फुंकर मारल्याइतकाच झोत येतो. अशा वेळी गॅरेजमधून सांगितलं जातं की कॅटकॉन गेलाय, नवा टाका. तो गेलेला असतो हे खरं. पण तो ज्या कॉइलमुळे, प्लगमुळे किंवा गळक्या इंजेक्टरमुळे गेला, ते तसंच ठेवून नवा बसवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तो महागडा भाग मग थोड्याच दिवसांत पुन्हा जळतो.

पण जास्त पेट्रोलनं तर इंजिन थंड राहतं ना?

राहतं, सिलिंडर थंड राहतो. वर मीच तसं म्हटलं. पण न जळलेलं पेट्रोल पुढे जातं, आणि पुढे त्याला प्राणवायू मिळाला की ते तिथे पेटतं. तो मिळतो मिसिंगमधून, किंवा मॅनिफोल्डच्या जोडातल्या फुटलेल्या गॅस्केटमधून आत ओढल्या गेलेल्या हवेतून. जोडावर काळा ओघळ दिसतो, थंड गाडी चालू केल्यावर पुढून टकटक ऐकू येते, अॅक्सिलरेटर सोडला की मागे फटफट होते. ही तिन्ही लक्षणं गळतीची.

नुसतंच रिच मिश्रण, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, असेल आणि हवा शिरायला जागा नसेल, तर तापण्यापेक्षा दुसऱ्या खुणा आधी दिसतात: टोकाला काळी काजळी, पडलेलं अॅव्हरेज, पेट्रोलचा किंवा सडक्या अंड्यासारखा वास.

डिझेलचं गणित उलटं

पेट्रोल इंजिन हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात घेतं. डिझेल इंजिनात हवा मुबलक असते आणि ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं यावर. त्यामुळे इथे नियम सोपा आहे: हवेच्या मानानं डिझेल जास्त झालं की धूर तापतो आणि काळाही होतो. तुंबलेला एअर फिल्टर, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या रबरी पाईपची सैल पट्टी, ठिबकणारा इंजेक्टर, किंवा ताकद वाढवायला केलेलं चिप ट्यूनिंग. इंजिनातले पिस्टन बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. आतून तेल आणि कूलंट निववत असल्यामुळेच ते टिकतात. ट्यूनिंग करणारे समजूतदार लोक टर्बोच्या आधी तापमानाचा सेन्सर बसवतात तो याच भीतीनं.

चालवणाऱ्याच्या हातातही बरंच असतं. भरलेली गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पाय दाबून रेटली की धूर सगळ्यात जास्त तापतो. एक गिअर खाली घ्या. आवाज वाढेल, पण इंजिन जास्त हवा ओढेल, प्रत्येक स्ट्रोकला कमी डिझेल लागेल आणि तापमान उतरेल. आवाज वाढला म्हणजे इंजिनावर ताण वाढला, हा समज इथे खोटा ठरतो.

नव्या डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट असते. काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर. तो भरत आला की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून त्याचं तापमान ६०० अंशांच्या घरात नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. दहा-वीस मिनिटं आयडलिंग वाढतं, पंखा जोरात फिरतो, जळका वास येतो, धूर भाजेल इतका गरम येतो. घाबरून गाडी बंद करू नका, ते काम पुरं होऊ द्या. दर छोट्या फेरीला हे व्हायला लागलं तर मात्र फिल्टर किंवा इंजेक्टर तपासायला हवा.

मग कॅटकॉन काढूनच टाकला तर?

हा सल्ला सर्रास मिळतो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. बऱ्याच देशांत ते बेकायदेशीर आहे. ते बाजूला ठेवलं तरी, ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार आहे. मिसिंग तसंच राहतं, पेट्रोल तसंच वाया जातं, फरक एवढाच की आता ते मफलरमध्ये फटाके फोडतं किंवा न जळता रस्त्यावर येतं. त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि मागच्या गाडीत बसलेलं मूल तो श्वासावाटे घेतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यामुळे होतं का हे?

इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून एक किलो इथेनॉलला ९ किलोच हवा पुरते. प्राणवायूचा सेन्सर असलेली गाडी हे ओळखते आणि आपणहून थोडं जास्त इंधन देते. कार्ब्युरेटरच्या गाडीला ते कळत नाही. तिचं मिश्रण लीन होतं आणि बेंड पाईप जास्त तापू शकतो, तेव्हा पेट्रोल सोडणारं जेट बदलून किंवा सेटिंग करून घ्यावं लागतं. पण सरसकट सगळ्या गाड्या इथेनॉलनं तापतात असं म्हणणं बरोबर नाही. इथेनॉल वाफ होताना बरीच उष्णता शोषतं आणि त्याची ज्वालाही पेट्रोलपेक्षा थोडी थंडच असते.

हातानं अंदाज घेऊ नका

मागे हात धरून बघणं बेभरवशाचं आणि चटका बसवणारं. इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे दुरून तापमान दाखवणारी बंदूक, चांगली. पण चकचकीत स्टीलवर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. गंजलेल्या, खरबरीत किंवा उष्णता सोसणारा काळा रंग लावलेल्या ठिकाणी मोजावं.

सगळ्यात उपयोगी मोजणी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर होते. गाडी मोकळ्या जागी उभी करून चालू करा आणि अर्ध्या मिनिटात मॅनिफोल्डचा एकेक फाटा मोजा. तीन फाटे झपाट्यानं तापतात आणि चौथा मागे राहतो. तोच मेलेला सिलिंडर. नंतर गाडी फिरवून आणून कॅटकॉनच्या पुढे आणि मागे मोजा. मागे थोडं जास्त असणं ठीक. मागचा आकडा फारच वर असेल तर आत काहीतरी जळतंय.

बूड लाल दिसलं, लुकलुकणारा दिवा आणि जळका वास एकत्र आले, किंवा गाडीत बसल्या बसल्या डोकं जड होऊन गुंगी यायला लागली, तर मोजत बसू नका. काचा उघडा, थांबा, बंद करा, बाहेर या. वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर मात्र थांबू नका. तापलेल्या कॅटकॉनमुळे गवत पेटून गाड्या जळाल्या आहेत, आणि त्याला गाडी नादुरुस्तच असावी लागते असं नाही.

माझ्या गाडीत दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलला केसाएवढी चीर गेली होती. ओझं पडलं की ठिणगी त्या चिरेतून भलतीकडे उडी मारायची. मेकॅनिकनं कॅटकॉन उतरवून हलवला तेव्हा आत तुकडे खुळखुळ्यासारखे वाजले. टॉर्च मारून पाहिलं, तर पोळ्याचा अर्धा भाग काचेसारखा गुळगुळीत वितळलेला. त्यानं आधी कॉइल आणि प्लग बदलले, स्कॅनर लावून त्याच चढावर फेरी मारली, एकही मिसिंग नोंदलं गेलं नाही हे बघितलं आणि मगच नवा कॅटकॉन जोडला. काम संपताना त्याला वरच्या बाजूला एक रिकामं भोक दिसलं. गाडीचं बूड आणि कॅटकॉन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो, त्याचा एक बोल्ट पडलेला होता. तो पत्रा खडखडतो म्हणून पुष्कळ लोक काढून फेकतात. त्यानं मोठा वॉशर घालून तो पुन्हा आवळला.